हाताला हात

देवव्रत सरांचा आवाज काशीतल्या निम्म्या मराठी घरांत जपून ठेवलेला आहे, पण त्यांचा चेहरा कुणाकडेच नाही. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्याला कोण काय करणार? संकठा घाटावरच्या गल्ल्यांत कुणाची मुंज असो की साखरपुडा, सर शाळेतले गणिताचे तास आटपून कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून हजर. मग चित्रणभर मागून त्यांचा आवाज यायचा, "इकडे बघा. हलू नका." व्हिडिओत माणसानं हलायचं नाही तर काय करायचं, हे त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे त्यांच्या डीव्हीडींमधली सगळी माणसं जराशी ताठ बसलेली दिसतात, अगदी पंगतीतसुद्धा.

साथीच्या त्या उन्हाळ्यात सर गेले. स्वतःच्या पायांनी चालत इस्पितळात गेले आणि परत घरी आलेच नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं जे काही होतं ते परस्पर घाटावर नेलं गेलं. मुलगा ऋतुराज पुण्यात अडकला होता. मुलगी सुमेधा बँकेतून धावत गेली, पण तिलाही लांबच उभं केलं. आणि शरदिनीबाई, सरांच्या बायको, खिडकीशी उभ्या राहिल्या. मणिकर्णिकेच्या स्मशानाला जाणारा रस्ता त्या खिडकीखालूनच जातो. आयुष्यभर त्यांनी तिथून परक्यांना जाताना पाहिलं होतं, हात जोडले होते. आपला माणूस मात्र तिथून गेलाच नाही. बाईंनी चेहरा पाहिला नाही, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं.

हिवाळा आला तशी त्यांची एकच मागणी सुरू झाली, की मला एकदा त्यांचा चेहरा बघायचाय. सुमेधानं भिंतीवरचा फोटो दाखवला. नोकरीच्या कागदांसाठी काढलेला तो फोटो मोठा करून लावला होता. बाई म्हणाल्या, फोटोतला माणूस बघत नसतो, तो नुसता असतो. मग सुमेधानं बाबांच्या कपाटातल्या सगळ्या डिस्का काढल्या आणि आई रोज दुपारी टीव्हीसमोर बसू लागली. अख्ख्या गोतावळ्याच्या मुंजी बघून झाल्या. बाबा कुठेच नव्हते, नुसता आवाज.

एका डिस्कवर तेवढे होते. म्हणजे असायला हवे होते. त्या डिस्कवर बाबांच्या अक्षरात 'गंगापूजन' लिहिलेलं होतं. महाराष्ट्रातले लोक काशीची यात्रा करून घरी जातात आणि गंगेची पूजा करून मावंदं, म्हणजे यात्रा सुफळ झाल्याचं जेवण, घालतात. काशीतच राहणाऱ्यानं काय करायचं? तो गंगेचं पाणी घेऊन रामेश्वराला जातो, तिथली वाळू आणून गंगेत सोडतो आणि मग मावंदं घालतो. आई-बाबांनी तसंच केलं होतं. त्या पूजेचे यजमान खुद्द बाबाच असल्यामुळे त्यांना नाइलाजानं कॅमेरा तिवईवर ठेवून स्वतः पाटावर बसावं लागलं होतं. पण सवय जाते कुठे? मधली जागा त्यांनी चौरंगाला, गुरुजींना आणि आईला दिली, आणि स्वतःपुरती अगदी कडेची ठेवली.

आणि त्यांचा टीव्ही कडा खायचा. ते जुनं, पाठीला कुबड असलेलं खोकं बाबांनी हौसेनं आणलेलं होतं, आणि आई ते बदलू देत नव्हती. असले टीव्ही चित्राची चारी बाजूंनी बोटभर कड गिळतात. कॅमेऱ्यात सगळं दिसतं, डिस्कवरही सगळं असतं, फक्त पडद्यावर येत नाही. त्यामुळे टीव्हीवर दिसायचं ते असं. डावीकडे ढुंढिराज गुरुजी, मध्ये चौरंगावर गंगेचा गडू, त्याच्या पलीकडे कॉलेजात जाणारी सुमेधा, तिच्या शेजारी आई. आणि आईचा उजवा हात पुढे होऊन चित्राच्या बाहेर गेलेला.

हात बाहेर गेलेला, कारण गुरुजींनीच तसं सांगितलेलं ऐकू येतं, "हाताला हात लावा, वहिनी." पूजेत यजमान पाणी सोडतो तेव्हा बायको त्याच्या उजव्या हाताला हात लावते, आणि मुलं आईच्या कोपराला धरतात. एकानं दुसऱ्याला धरून ठेवलं की केलेलं सगळ्यांना पोचतं, अशी समजूत. डिस्कवर सुमेधानं आईचं कोपर धरलेलं होतं आणि आईनं टीव्हीच्या कडेला हात लावलेला होता. पूजा संपेपर्यंत तिचा हात तिथंच. म्हणजे पूजा संपत नव्हतीच. गुरुजी मंत्र म्हणत असतानाच कॅमेऱ्यातली कॅसेट संपली होती आणि चित्र तुटलं होतं.

"मी कुणाला हात लावलाय ते तरी दिसू दे," आई म्हणाली. "किनारा कापला जातोय ग. थोडा इकडे सरकव ना."

ऋतुराज फोनवर म्हणाला की नवा टीव्ही घे, काय एवढं. त्याचं बरोबर होतं, पण पुण्यात बसून बरोबर असणं फार सोपं असतं. सुमेधानं सुट्टीच्या दिवशी ती डिस्क लॅपटॉपला लावली. तिथं कड कापली जात नव्हती. आईची बोटं दिसली, आणि बोटांखाली एक उघडं कोपर, त्यावर सोवळ्याच्या उपरण्याची जरा जीर्ण किनार. बस. बाबांनी स्वतःला इतकं कडेला ठेवलं होतं की कॅमेऱ्यातही ते कोपराएवढेच आले होते. सुमेधाला हसू आलं आणि त्यामागोमाग रडूही आलं.

तिनं उपाय शोधला. सगळं चित्र थोडं लहान करायचं आणि भोवती काळी पट्टी सोडायची. म्हणजे टीव्ही खाईल ती पट्टी खाईल आणि चित्र अख्खं सुटेल. बाबांकडूनच शिकलेल्या हातानं तिनं नवी डिस्क बनवली. दुपारी आईपुढे लावली. कोपर दिसलं. आईनं पदर डोळ्याला लावला आणि पुनःपुन्हा ते कोपर पाहिलं. त्या दिवशी तिनं नंतर दडपे पोहेसुद्धा खाल्ले. सुमेधाला वाटलं, चला, जमलं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अजून थोडं सरकव. खांदा आलाय."

सुमेधानं समजावलं, की आई, याच्यापुढे चित्रच नाही. चित्र जेवढं तेवढंच, मी ते फक्त लहान केलं. पुढे नुसतं काळं आहे. आईनं ऐकून घेतलं आणि तिला टीव्हीसमोर बसवलं. कोपराच्या वर, जिथं काळी पट्टी सुरू व्हायला हवी होती तिथं, एक खांदा होता. त्यावरून उपरणं गेलं होतं. सुमेधानं लॅपटॉपवर तीच डिस्क लावून पाहिली. तिथं काळंच होतं. टीव्हीवर लावली, तर खांदा. तिनं टीव्हीची काच फडक्यानं पुसली. खांदा पुसला गेला नाही.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर सुमेधाला आनंद झाला. तिनंही तो चेहरा पाहिलेला नव्हता. पट्टी आणखी रुंद केली तर आणखी दिसेल, असं तिच्या मनानं घेतलं आणि तिनं तसं केलं. काळ्या पट्टीत जानवं आलं. पुढच्या डिस्कला पट्टी आणखी वाढवली, तेव्हा मान आली, आणि कानाची पाळी. बाबांच्या कानावरचे राठ केसही दिसत होते. घरात दोघी बायका बोलायला लागल्या होत्या. आई रामेश्वराच्या प्रवासातल्या गोष्टी सांगायची, बाबा गाडीत गडू मांडीवर घेऊन कसे बसले होते आणि शेजारचा माणूस त्यांना 'पंडितजी, थोड़ा जल दे दीजिए' म्हणत कसा मागे लागला होता. सुमेधा ऐकत राहायची.

बाहेर धुकं इतकं दाट पडत होतं की दुपारीही नदीचं पलीकडचं तीर दिसत नव्हतं. भोसले घाटाची दगडी भिंत निम्मीच उरली होती. आणि आईचा हात गार पडत चालला होता.

आधी ते थंडीचं वाटलं. सुमेधानं हातमोजे आणले, शेगडी जवळ ओढली. डावा हात ऊबदार व्हायचा, उजवा नाही. मग आईचं जेवण कमी झालं. वरणभाताचे दोन घास आणि पुरे. डॉक्टरांनी तपासलं, वय झालंय म्हणाले, शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. आईला मात्र काही वाटत नव्हतं. ती दुपारची वाट बघायची.

एक दिवस डिस्क चालू असताना सुमेधाचं लक्ष बाबांच्या कानाऐवजी मधल्या समईकडे गेलं. समई आईच्या आणि चौरंगाच्या मध्ये असायची, आईच्या गुडघ्याला अगदी लागून. आईच्या पातळाला काजळी लागेल म्हणून त्या दिवशी एका काकूनं ओरडाही केला होता, तो डिस्कवर ऐकू येतो. आता समई आणि आई यांच्यामध्ये एक रिकामा पाट मावेल एवढी जागा होती. सुमेधानं जुनी डिस्क लावली, पहिली, बाबांनी बनवलेली. टीव्हीवर त्या डिस्कवरही तेवढीच जागा होती. आई कोपरापर्यंत कडेच्या बाहेर गेली होती.

बाबा आत येत नव्हते. आई बाहेर जात होती. सुमेधा पडद्याजवळ सरकली. आणि मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. आईचं कोपर धरलेली ती कॉलेजातली मुलगीही जागची हलली होती. गडूच्या मागे बसलेली ती आता गडूच्या पार पलीकडे होती, आणि तिचा हात ताणला गेला होता.

ती तडक ढुंढिराज गुरुजींकडे गेली. गुरुजी आता फार थकले होते. घोंगडी पांघरून खाटेवर बसलेले असायचे आणि माणसांची नावं विसरायचे, पण विधीतलं काही विसरत नव्हते. टीव्हीची हकिगत सांगायला तिला लाज वाटली. बँकेत काम करणारी बाई, काय सांगणार? तिनं एवढंच विचारलं, की पूजेत बायको हाताला हात लावते, तो केव्हा काढायचा असतो?

"मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नसतो," गुरुजी म्हणाले. "हे काय विचारतेस? तुमच्याकडच्या गंगापूजनात तुझी आई विसरून तशीच बसली होती, मीच म्हटलं, आता हात सोडा, वहिनी. सगळे हसले होते."

सुमेधा म्हणाली की ते टेपवर नाहीये. त्याआधीच कॅसेट संपली.

गुरुजींनी घोंगडी गळ्याशी ओढली. "तर मग," ते हळूच म्हणाले, "तिथं ते अजून बसलेत."

घरी येताना धुक्यात तिला गल्ली ओळखीची वाटेना. मागून खांदेकरी आले म्हणून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. एकदा हे असंच झालं, चेहरा न दाखवता माणूस नेला. आईला मी नेऊ देणार नाही, असं ती स्वतःशी अगदी स्पष्ट बोलली. बाबांना बोलली, खरं तर. तुम्ही कडेला बसलात ते तुमच्या हौसेनं, आईला कशाला ओढता?

त्या संध्याकाळी तिनं उलट काम केलं. चित्र लहान करण्याऐवजी मोठं केलं. उजवी कड आईच्या मनगटाशी आणून कापली, आणि टीव्ही आणखी थोडी खाईल तेही हिशोबात धरलं. आता आई बरोबर मध्ये, अख्खी, आणि हाताच्या टोकाला काही नाही. गंगापूजनाच्या आधीच्या सगळ्या डिस्का तिनं कात्रीनं कापल्या. मूळ कॅसेट तेवढी तिच्यानं कापवली नाही, ती कपाटात खाली सरकवली. आईला सांगितलं की जुन्या डिस्का खराब झाल्या, ही बघ.

आईनं बघितली. सुमेधा तिच्याकडे चोरून बघत होती. चित्र तुटलं तेव्हा आई उठली आणि म्हणाली, भूक लागली ग, थालीपीठ लाव.

पुढचे दिवस सुमेधानं देवाचे आभार मानण्यात घालवले. आईचा हात ऊबदार झाला. ती शेजारच्या विद्युल्लताबाईंबरोबर देवळात जाऊ लागली, भाजीवाल्याशी हुज्जत घालू लागली. टीव्हीवर मालिका लावून बसू लागली. चेहऱ्यावर तुकतुकी आली. ऋतुराजला फोनवर आईचं हसणं ऐकू आलं तेव्हा तो म्हणाला, बघ, वेळ हेच औषध. सुमेधानं त्याला दुजोरा दिला.

मग एका सकाळी आई भिंतीवरचा फोटो पुसत होती. पुसून झाल्यावर ती जरा मागे सरली आणि तिनं विचारलं, "हे कोण ग? तुमच्या बँकेतले?"

सुमेधाला वाटलं थट्टा आहे. आईच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. तिथं काहीच नव्हतं, नुसतं कुतूहल, परक्या घरी गेलेला पाहुणा विचारतो तसं. सुमेधा म्हणाली की आई, बाबा. आई बरं म्हणाली आणि तिनं फडकं झटकलं.

विसरली असती तर एकवेळ चाललं असतं. सुमेधानं स्वतःची तशी समजूत घालूनही पाहिली, की आठवण नाही तर दुःखही नाही, जगते आहे ना, जेवते आहे ना. पण हात विसरला नव्हता. आई जेवायला बसली की तिचा उजवा हात घास सोडून डाव्या बाजूला जायचा, बाबांची खुर्ची असायची तिकडे, आणि हवेत कोपराच्या उंचीवर थांबायचा. आई त्या हाताकडे बघत बसायची. टीव्ही बघताना तसंच. देवासमोर बसली तरी तसंच. झोपेतसुद्धा तो हात अंथरुणाबाहेर निघालेला असायचा.

"माझा हात असा का जातो ग?" एके दुपारी तिनं विचारलं. "इथं कोण बसायचं? कुणीतरी बसायचं ना? मला कुणी सांगत का नाही?"

सुमेधानं नाव सांगितलं. सगळं सांगितलं, लग्न, रामेश्वर, इस्पितळ. आईनं लहान मुलीसारखं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाली की गोष्ट चांगली आहे, पण हात अजून दुखतोय. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं, कशासाठी ते तिला ठाऊक नसताना. सुमेधाच्यानं ते बघवेना. आपण आईला वाचवलं की कापलं, असा प्रश्न तिनं स्वतःला विचारला आणि उत्तर तिला लगेच मिळालं.

तिनं बँकेत रजा टाकली. कपाटातून मूळ कॅसेट काढली, बाबांच्या कॅमेऱ्यात घातली, नव्यानं लॅपटॉपमध्ये घेतली. या वेळी चित्र इतकं लहान केलं की लॅपटॉपवर ते काळ्या पाटीवर चिकटवलेल्या तिकिटाएवढं दिसत होतं. आपण काय करतो आहोत हे तिला कळत होतं. डिस्क बनेपर्यंत ती हात जोडून बसली होती, पण मागायचं काय ते तिला सुचलं नाही.

दुपार होती. धुकं जरा विरळ झालं होतं आणि खिडकीतून पांढरट ऊन आत आलं होतं. सुमेधानं आईची वेणी घातली, तिला ते गंगापूजनाचं जांभळं पातळ नेसवलं. बाबांची खुर्ची आईच्या डाव्या बाजूला आणून ठेवली. स्वतः उजवीकडे बसली आणि तिनं आईचं कोपर धरलं. आईचा उजवा हात आपणहून खुर्चीकडे गेला आणि खुर्चीच्या दांड्यावर टेकला.

डिस्क सुरू झाली. टीव्हीवर काळं कुठेच नव्हतं. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला होता, आणि त्यांचं स्वैपाकघराकडचं दार, पाटांची रांग, उंबऱ्यातल्या चपला, कॅमेऱ्यानं कधी न टिपलेलं सगळं तिथं होतं. गुरुजी पार डाव्या टोकाला गेले होते. उजवीकडे, कडेपासून चांगले आत, बाबा बसलेले होते. उपरणं सरळ करत होते. त्यांनी मान वर करून थेट समोर पाहिलं, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलाय का ते, नेहमीसारखं एक भुवई उचलून. दिवा लागलेला असावा. त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी आईकडे मान वळवली.

"अग बाई," आई अगदी हळू म्हणाली. "किती वाळलात तुम्ही."

तिला सगळं आठवलेलं होतं. सुमेधाला ते तिच्या आवाजावरूनच कळलं. आईच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं आणि ती हसत होती. जरा रागावलेलीही होती, एवढा उशीर केल्याबद्दल. टीव्हीतली आई बाबांच्या शेजारी टेकून बसली होती, तिचा हात बाबांच्या हातावर. दोघं ताठ, न हलता. आणि त्यांच्यामागे ती कॉलेजातली मुलगी आईचं कोपर धरून पुढे झुकली होती, इतकी की तिचा पाट मागे राहिला होता. सुमेधाच्या बोटांना गारठा झोंबू लागला. तो आईच्या कोपरातून येत होता आणि मनगटावर चढत होता. तिनं पकड आणखी घट्ट केली.

गुरुजींचा मंत्र चालू होता. जिथं कॅसेट संपायची ती जागा आली. चित्र तुटलं नाही. बाबांनी ओंजळ वाकडी केली, गडूतलं पाणी त्यांच्या बोटांवरून ताम्हनात पडलं, आणि ते पडल्याचा आवाज सुमेधानं पहिल्यांदाच ऐकला. मग गुरुजींनी मान वर केली. ते वहिनींकडे बघत नव्हते. ते त्या मुलीकडे बघत होते.

"आता हात सोडा," गुरुजी म्हणाले.

टीव्हीतली मुलगी सोडेना. सुमेधाला माहीत होतं की ती आपणहून सोडणार नाही, ती तशी हट्टीच होती. बाबांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि तोच मागून ऐकलेला आवाज या वेळी समोरून आला, फार मायेनं. "सुमे. हलू नकोस. तिथंच थांब."

सुमेधानं हात सोडला. बोटं आखडली होती, एकेक करून उघडावी लागली. आईनं वळून पाहिलं नाही. तिचा श्वास एकदा लांब आला आणि मग आला नाही. हात खुर्चीच्या दांड्यावर होता तसाच राहिला, कुणाच्या तरी कोपराला धरावं तसा वळलेला.

डिस्क संपली. पडदा निळा झाला. सुमेधाची बोटं हळूहळू ऊबदार होत गेली. ऋतुराजला कळवायचं होतं, विद्युल्लताबाईंना हाक मारायची होती, गुरुजींकडे माणूस पाठवायचा होता. खाली गल्लीतून कुणीतरी चाललं होतं, त्यांचा 'राम नाम सत्य है' खिडकीशी येऊन पुढे गेला. सुमेधानं खिडकी सताड उघडली, म्हणजे उजेड येईल. मग कुणालाही काही कळवण्याआधी ती आईच्या समोर जमिनीवर बसली आणि तिनं आईचा चेहरा पोटभर पाहिला.